सायकॉलॉजी मेजर (मुख्य विषय) घेतेयस? मग हे वाच

'सगळे माझ्याकडेच मन मोकळं करतात' हे कारण वाईट नाही, पण एवढ्यावर तीन वर्षं निघत नाहीत. न्यूरॉन, स्मृती, संवेदन, आणि मग स्टॅटिस्टिक्स. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-टेस्ट. गणित सुटलं म्हणून आर्ट्सला आलेल्यांची इथेच तंतरते. दहावीचं गणित जमत असेल तर हेही जमतं, फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री नाही.

प्रॅक्टिकलचं जर्नल सीनियरचं उतरवून काढू नकोस. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग घे. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहायचा आणि समोरच्याने शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. घरी आईला बसव, मोबाइलवर वेळ लाव. मग नुसत्या रंगीत पट्ट्यांवर तेच कर. शब्दांना वेळ जास्त लागेल, कारण वाचणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते आवरत नाही. तुलनेसाठी पट्ट्या का लागतात हे कळलं की अर्धी संशोधन पद्धती कळली.

बीएवर कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. पुढे भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. सायकियाट्रिस्ट एमबीबीएसच्या वाटेने येतो. (नातेवाईक या दोघांत घोळ घालणारच, सोडून दे.) इतका लांबचा पल्ला नको असेल, एचआर किंवा जाहिरातीत जायचं असेल, तर मायनर (दुय्यम विषय) म्हणूनही पुरतं.

एमएसाठी मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसचे आणि देवनारच्या टिसचे (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) प्रवेशनियम दुसऱ्या वर्षातच बघून ठेव.