पावसाळ्यात चेक इंजिनचा दिवा लागतो, तर ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी पेट्रोलची आहे, घर गुहागरला समुद्राजवळ आहे, पाऊस सुरू झाल्यापासून गाडी झटके खाते, अ‍ॅव्हरेज पडलंय आणि गॅरेजवाले म्हणतात ईसीएम गेला. शिवाय हा ईसीएम नेमकं करतो काय, तेही विचारलंय.

एवढ्यात बदलू नका. चिपळूणला मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकचंच काम करतो. ‘ईसीएम गेला’ म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत ईसीएम ठणठणीत असतो.

ईसीएमला इंजिनबद्दल जे काही कळतं ते तारांतून येणाऱ्या व्होल्टेजवरून. क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, एक दातेरी चक्र असतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले २ दाते मुद्दाम ठेवलेले नसतात. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की पिस्टन कुठे आहे ते कळतं. ३००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो. तेवढ्यात चार सिलिंडरच्या इंजिनात दोन ठिणग्या पाडायच्या आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोजून उघडायचे. एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा, हे प्रमाण धरून ईसीएम चालतो आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन बघून सतत दुरुस्ती करतो. आंबा घाट चढताना हवा विरळ होते, तर पेट्रोलही आपोआप कमी सोडतो. जुन्या गाड्यांतल्या कार्ब्युरेटरला हे जमत नव्हतं.

आता तुमच्या गाडीचं. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचा सेन्सर घ्या. इंजिन थंड असताना त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) जास्त असतो, तापेल तसा कमी होतो. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत कनेक्टरचं रबर सैल झालं की आत ओल शिरते आणि पितळी पिनांवर हिरवट पूड धरते. त्या पुडीचा रेझिस्टन्स सेन्सरच्या रेझिस्टन्समध्ये मिसळतो. ईसीएमला वाटतं इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो जादा पेट्रोल सोडतो. अ‍ॅव्हरेज पडतं, धुराला पेट्रोलचा वास येतो. ईसीएमने त्याचं काम चोख केलेलं असतं, त्याला मिळालेली माहितीच चुकीची असते.

दुसरी जागा अर्थिंगची. इंजिनपासून बॉडीला जाणारी पट्टी नटाखाली गंजते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनला लावून स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर आधी ती पट्टी घासून घ्या.

स्कॅनरवर एकदम चार-पाच कोड (बिघाडाचे नंबर) आले की लोक ईसीएमवर ठपका ठेवतात. पण कित्येक सेन्सरना ५ व्होल्टची एकच लाइन असते. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळेच बोंबलतात. एकेक सेन्सर काढत जायचं. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो किंवा त्याची वायर गुन्हेगार.

म्हणून गॅरेजवाल्यांना सांगा, स्कॅनर लावून कोड आधी कागदावर लिहून द्या, मग पुसा. कोड वाचतानाही घाई नको. पी०११८ म्हणजे कूलंट सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. तार तुटली असेल, पिन सुटली असेल किंवा सेन्सर गेला असेल. उंदराने वायर कुरतडली तरी हाच कोड येतो.

ईसीएम खरोखर जातो तो बहुतेक पाणी आत शिरल्यावर. जुलै २०२१ च्या पुरात इथे बुडालेल्या गाड्यांची गोष्ट म्हणूनच वेगळी होती. बदलायची वेळ आलीच, तर बऱ्याच गाड्यांत नवा ईसीएम चावीच्या इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) जुळवून घ्यावा लागतो. दुसऱ्या गाडीतून काढलेला आणून बसवला तर गाडी चालूच होत नाही.

एक मात्र बघा. दिवा स्थिर असेल तर हळू चालवत गॅरेजपर्यंत न्यायला सहसा हरकत नाही. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. सिलिंडर मिस होतोय, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो कायमचा खराब होतो. कोड मिळाले की इथेच टाका, मी बघून सांगतो.