बाबांना हिमाचल नको, बोडी चालेल

पत्र पुण्याहून आलंय, गाव भंडारा जिल्ह्यातलं. आई गेल्यापासून बाबा गावात एकटे आहेत, फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलत नाहीत. लहानपणी ते मुलाला बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तलावावर, गरी टाकायला न्यायचे. मुलगा आता फ्लाय फिशिंग शिकलाय. त्यानं ऑक्टोबरातली हिमाचलची, तीर्थन खोऱ्यातली सहल दोघांसाठी बुक केली. बाबा म्हणाले, "पैसे वापस घे. अन् पकडून सोडूनच द्याचा त पकडाचा कायले?" मुलगा लिहितो, "ताई, मला फार लागलं. तिथे निवांतपणे, 'शेती ठेक्यानं देऊन पुण्याला चला', हेही बोलणार होतो. आता काय करू?"

दादा,

लागणारच. तुम्ही मनापासून केलंत आणि त्यांनी एका वाक्यात उडवून लावलं. पण हा नकार तुम्हाला आहे, असं मला वाटत नाही.

आधी महिना बघा. ऑक्टोबरात हलकं धान कापणीला येतं आणि भारी धान लोंबीवर असतं. त्याच दिवसांत तलावाचं पाणी सुटतं, ते कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी जायचं यावरून धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बोलाचाली होते. अशा वेळी शेतकरी गाव सोडून नदीवर मासे पकडायला जाईल का? पुण्यात राहून हे सुटून जातं, त्यात तुमचा दोष नाही. पण बाबांना तो महिना दिसतोय.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बोडीवर ते जाणते होते. मोरपिसाचा देठ पाण्यावर कसा हलला की मासा नुसता चाखतोय आणि कसा बुडाला की ओढायचं, हे त्यांनी तुम्हाला शिकवलं. तीर्थनला सगळं उलटं होईल. तिथला ब्राउन ट्राउट इंग्रजांच्या काळात, 1909 च्या सुमारास कुल्लू भागात आणून सोडलेला. त्याच्यासाठी गांडूळ नाही, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. वजन गरीला नसतं, जाड दोरीला असतं. ती दोरी आधी मागे पूर्ण सुटू द्यायची, मग पुढे फेकायची, आणि हा हात बसायला नवख्याला बरेच दिवस लागतात. तेही बर्फाच्या पाण्यात, गोट्यांवर उभं राहून. बाबांचे गुडघे दुखतात, असं तुम्हीच लिहिलंय. ज्या पोराला गरी बांधायला शिकवलं, त्याच्यासमोर घसरायचं आणि अनोळखी माणसाकडून धडे घ्यायचे, हे त्या वयात सोपं नसतं. हे ते तोंडानं म्हणणार नाहीत. "पैसे वापस घे" म्हणतील.

म्हणून आधी तुम्ही त्यांच्याकडे जा. धान कापून, चुरून झालं की डिसेंबरात चार दिवस काढा. थंडीत सकाळी मासा सुस्त असतो, ऊन चढल्यावर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसा. तलावाचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा आधी विचारा. ढिवर बांधवांचं पोट त्यावर आहे, आणि रोहू-कतल्याचं बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. परवानगी मागायचं काम बाबांवरच सोपवा, गावात त्यांचा शब्द आहे.

तुमची रॉड न्या, पण गाडीतच ठेवा. त्यांनी विचारलं तरच काढा. मरळ हवा घ्यायला वर येते, कडेच्या गवतात दबा धरून बसते आणि पाण्यावर हलणाऱ्या बेडकावर झडप घालते. त्यामुळे पिसांचा खोटा बेडूक तिला चालतो. ती कुठे बसली असेल हे बाबा सांगतील, दोरी तुम्ही फेका. मागे बाभूळ नाही एवढं बघा, नाहीतर पहिला मासा झाडावरच लागेल. मिळाली तर घरी न्या, रस्सा करा. सोडून द्यायच्या रीतीवर बाबांशी वाद घालू नका. मासा कधी सोडायचा हे तेही जाणतात: पावसाळ्यात लाल पिल्लांचा घोळका राखत फिरणारी मरळ जुनी माणसं धरत नाहीत, कारण ती गेली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. त्यांना विचारा, सांगतील.

आईचा विषय काढू नका. पाण्याकडे बघत बसलेला माणूस समोरासमोर बसलेल्यापेक्षा लवकर बोलता होतो. नाही बोलले तरी चार दिवस वाया गेले, असं धरू नका.

आता शेतीचं. यावर मी थोडी कडक बोलते, राग मानू नका. सहलीच्या आत तो विषय लपवून नेणं मला पटलेलं नाही. घर, बांधी, शेजार, आईची खोली, हे सगळं सोडा असं तुम्ही सांगणार, तेही घरापासून इतक्या लांब, जिथून उठून जाता येत नाही. त्यांना याचा वास आधीच लागला असावा, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. तो विषय वेगळा ठेवा. धान विकून झाल्यावर, बहिणीला बोलावून, घरातच बोला. पहिला प्रश्न "पुण्याला कधी येता?" नको. "बाबा, तुम्हाला कसं राहायचंय?" हा विचारा. एखाद्या नातेवाइकानं जवळ राहणं, जेवणाची सोय, दर महिन्याला तुमची एक फेरी, असेही मार्ग निघतात.

हिमाचलचं बुकिंग रद्द न करता पुढे ढकलता येतं का, ते बघा. तिकडे ट्राउटची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते, मार्चात उघडते. तेव्हा बाबांचे हातही मोकळे असतील, उन्हाळी धान लावलं नसेल तर. डिसेंबरात तुमची रॉड त्यांनी स्वतःहून हातात घेतली, तर मार्चचं विचारा. नाही घेतली, तर तीर्थनला मित्राबरोबर जा आणि बाबांना फोटो पाठवा.