लेगोच्या विटांतून ‘खेकडा’ हे जुनं विजेवरचं रेल्वे इंजिन बनवायचंय, मोटरसकट. घर सांगलीत. सुरुवात कशी करू?

मीही सांगलीचाच. आपल्या मिरज लाइनीवर खेकडा (डब्ल्यूसीजी-१) कधी आला नाही. तो मुंबई-पुण्याच्या बाजूचे घाट चढायचा. पण बनवायला याच्याइतकं सुंदर इंजिन नाही.

लेगोच्या रुळांमधलं अंतर साधारण ३७.५ मिमी, आपल्या ब्रॉडगेजचं १६७६. म्हणजे प्रमाण १:४५ च्या आसपास. एक स्टड (विटेवरच्या गोल उंचवट्याची जागा) ८ मिमीचा, म्हणून बॉडी ८ स्टड रुंद ठेवा.

मूळ इंजिनासारखीच बॉडी तीन तुकड्यांत करा: पुढची-मागची दोन नाकं आपापल्या बोगीवर (म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर), मधला भाग दोघांवर टेकलेला. तरच ते ४० स्टड त्रिज्येच्या वळणावर वळेल. प्रत्येक बोगीच्या तीन जोड्यांपैकी मधली चाकं बिनकडेची घ्या, म्हणजे रुळाला धरणारी आतली कडा नसलेली.

खरा वेळ चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांना द्या. डाव्या आणि उजव्या बाजूच्या दांड्यांत ९० अंशांचा फरक हवाच. दोन्ही एकाच कोनात बसवले की दांडे आणि चाकं एका रेषेत आल्यावर इंजिन अडतं. माझं पहिलं मॉडेल असंच आठवडाभर अडकत होतं. मोटर जोडण्याआधी बोगी हाताने ढकलून बघा. जराही अडखळली तर आधी ते सोडवा.

बॅटरीचा हब मधल्या भागात ठेवा आणि मोटरवाल्या चाकांना रबरी रिंगा घाला, नाहीतर चाकं जागेवरच फिरतील.