पेट स्कॅन झालाय, मग मेंदूच्या एमआरआयला दहा हजार घालायचे का?

निपाणीच्या एका वाचकानं विचारलंय. वडील 64 वर्षांचे, फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय, नॉन स्मॉल सेल म्हणतात त्या प्रकारचा. पेट स्कॅन झालाय, आता ऑपरेशनच्या आधी डॉक्टर मेंदूचा कॉन्ट्रास्ट एमआरआय सांगतायत, खर्च दहा हजार. घरचे म्हणतात अख्ख्या अंगाचा स्कॅन झालाय मग परत कशाला, आणि करायचाच तर पतसंस्थेतल्या 2 लाखांच्या ठेवीची मुदत संपायला चार महिने आहेत, तोवर थांबू. पाहुणे म्हणतात नवी मेडिक्लेम काढा.

थांबू नका दादा. पेटला अख्ख्या अंगाचा म्हणतात खरं, पण रिपोर्ट काढून वाचा, बहुतेक वेळा कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत असंच लिहिलेलं असतंय, म्हणजे मेंदू त्यात धरलेलाच नाही. आणि धरला असला तरी पेटमध्ये साखरेसारखं औषध टोचतात आणि मेंदू मुळातच भरपूर साखर ओढतो, सगळाच उजळ दिसतो, मग त्यात बारीक गाठ ओळखायची कशी? सीटी स्वस्त पडते पण काही मिलिमीटरच्या गाठी तिच्यात सुटू शकतात, गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये त्या जास्त चांगल्या सापडतात. डोकं दुखत नाही, फिट आली नाही म्हणून मेंदू साफ धरून चालत नाही.

आता माझ्या कामाचं, म्हणजे पैशाचं बोलतो. तुमचा मोठा पैसा ऑपरेशनला जाणार आहे, दहा हजारात नाही. मेंदूत पसरलेलं निघालं तर फुफ्फुसाचं ऑपरेशन बऱ्याचदा रद्द होतं नाहीतर अख्खा प्लॅन बदलतो, मोजक्या गाठी असतील तर नेमक्या जागी रेडिएशन देतात, बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल बघायच्या टेस्ट करून गोळ्यांचा मार्गही निघू शकतो, त्याचा खर्च वेगळा आणि महिन्या-महिन्याला चालणारा. म्हणून एमआरआयचा रिपोर्ट हातात येईपर्यंत ऑपरेशनचं डिपॉझिट भरू नका आणि दागिन्यांना हात लावू नका.

दहा हजारासाठी ठेवही मोडू नका. ठेव तारण कर्ज घ्या, व्याज साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं. 9 टक्के धरलं तरी चार महिन्यांचे 300 रुपये होतात, मुदतीआधी मोडली तर 2 लाखांवरचं व्याज कापलं जाईल ते याच्यापेक्षा कितीतरी जास्त.

पाहुण्यांनी सुचवलेली नवी मेडिक्लेम आत्ता घेऊन उपयोग नाही, आजार लपवला तर क्लेम जाणार आणि सांगितला तर कंपनी बहुतेक घेणारच नाही. त्यापेक्षा रेशन कार्ड बघा. बीपीएल असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये वर्षाला कुटुंबामागं 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, एपीएलला पॅकेजच्या 30 टक्के सरकार भरतं, पण आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, ते काढून ठेवा. शिवाय सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले योजना लागू करायचं 2023 मध्ये ठरलं होतं, कोल्हापूर तुम्हाला बेळगावपेक्षा जवळच आहे, तिथल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठून तुमच्या कार्डावर काय मिळतंय ते विचारा. हे सगळं ऑपरेशनच्या आधी, नंतर बिलं घेऊन गेलात तर कोण दाद देत नाही.

आणि एमआरआयला जाताना क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत न्या, वडिलांना पेसमेकर असेल तर वेळ घेतानाच सांगा, नाहीतर हेलपाटा पडतोय.