शिकारी आधी गेले की तितर?

रानातले प्रश्न : या महिन्याची पत्रं

(उत्तरं देणारे वनपाल म्हणून निवृत्त झाले असून विट्याजवळ शेती करतात.)

प्रश्न : आबा, माझे मेहुणे अमेरिकेत साउथ डकोटा राज्यात असतात. ऑक्टोबर लागला की तिथं फेझंटच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. पण जुने शिकारी म्हणतात, पोरं आता येत नाहीत, पूर्वीची मजा राहिली नाही. आमच्या आजोबांच्या तितराच्या शिकारीच्या गोष्टी घरात अजून निघतात. आपल्याकडं शिकार कायद्यानं बंद झाली हे समजतं. पण तिथं सरकारच परवाने देतं, मग तिथं का ओसरली?
— एक वाचक, कराड

उत्तर : फेझंट हा कोंबड्याच्या कुळातला लांब शेपटीचा पक्षी. नराच्या मानेभोवती पांढरी कडी असते. आपले मोर, रानकोंबडा, तितर, लावा हे सगळे त्याचे भाऊबंद. गंमत अशी की तो मुळात अमेरिकेचा नाहीच. शांघायमधल्या अमेरिकी वकिलातीचे प्रमुख ओवेन डेनी यांनी १८८१-८२ मध्ये चीनमधली ही पाखरं जहाजानं ओरेगॉनला धाडली आणि ती तिथं रुजली. पुढे मधल्या राज्यांतही सोडली. साउथ डकोटात पहिला हंगाम १९१९ साली झाला, तोही एका परगण्यात आणि एकच दिवस. १९४३ मध्ये त्या राज्यानं या परदेशी पाखराला राज्यपक्षी करून टाकलं! १९४५ च्या सुमारास तिथल्या सरकारचा अंदाज दीड कोटीच्या वर फेझंट असा होता.

एवढी पाखरं झाली कशी? आधी मंदी आणि दुष्काळ, मग महायुद्ध. शेतं पडून राहिली, माणसं लढाईवर गेली, तण माजलं. शेतकऱ्याचा वाईट काळ तो पाखराचा सुगीचा. युद्ध संपलं, मोठे ट्रॅक्टर आले, औषधं आली, शेतं स्वच्छ झाली आणि पाखरं घटली. १९५६ मध्ये तिथल्या सरकारनं जमीन पेरू नका, गवत राहू द्या, आम्ही पैसे देतो अशी योजना काढली. फेझंट पुन्हा वाढले. करार संपले, नांगर फिरला, पुन्हा घटले. १९८५ च्या शेती कायद्यात तशीच योजना नव्यानं आली. २००७ मध्ये देशभर साडेतीन कोटी एकरांहून जास्त जमीन तिच्याखाली होती. मग मक्यापासून इथेनॉल करायची लाट आली, मक्याला भाव मिळू लागला आणि लोकांनी गवत मोडलं. २०१४ च्या कायद्यानं तर योजनेची मर्यादाच दोन कोटी चाळीस लाख एकरांवर आणली.

पाखरू कमी झालं की शिकारी कमी होणारच. दिवसभर तंगडतोड करून रिकाम्या हातानं परत यायला कुठल्या पोराला आवडेल? शहरं वाढली, शेतं थोड्यांच्या हातात गेली, ओळख नसेल तर रानात पाऊल टाकता येत नाही, ही कारणंही आहेतच. तिथल्या सरकारी पाहणीत १९९१ मध्ये सगळ्या प्रकारचे मिळून एक कोटी एक्केचाळीस लाख शिकारी होते, २०१६ मध्ये एक कोटी पंधरा लाख उरले. पण मेहुण्यांना सांगा, म्हाताऱ्यांनी पोरांना दोष देण्याआधी मक्याच्या शेतांकडे बघावं.

आता आपलं. ‘कायद्यानं बंद झाली’ हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. मुंबई राज्याचा पशुपक्षी संरक्षणाचा कायदा १९५१ चा, त्यात परवाने होते. देशाचा वन्यजीव कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारही संपली. कागद असा स्वच्छ आहे. माझी नोकरी मात्र माणदेशाच्या कडेला गेली आणि तिथं काय चाललं होतं ते मी पाहिलं आहे. ज्यांच्याकडं दुनळी होती, परवाना होता, पोलीस पाटलाशी उठबस होती, ते कायद्याला घाबरून थांबले. ठासणीच्या बंदुकीवाला आणि फासेवाला थांबला नाही. त्याला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टींनी.

पहिली गोष्ट म्हणजे ब्रॉयलर. आमच्या लहानपणी घरची कोंबडी कापायची म्हणजे जावई तरी यायला हवा, नाहीतर कोणी आजारी तरी. तितर हे फुकटचं मटण होतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण, येसूर, वर बाजरीची भाकरी. गावोगाव चिकनची दुकानं झाल्यावर काडतुसाचा खर्च करून तितर मारणं हा आतबट्ट्याचा धंदा झाला. काडतूस एक, पाखरू एक, तेही लागलं तर! हे कारण कुणी भाषणात सांगत नाही, पण मला ते फार मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट बांध. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातले जुने बांध आठवा. दोन माणसं शेजारी झोपतील एवढे रुंद, त्यावर घायपात, तरवड, बोरी, निवडुंग, खाली कुसळ आणि पवना. तितराची मादी झुडपाच्या बुडाशी नुसता खळगा करून त्यात अंडी घालते, चैत्रापासून पुढे पावसाळाभर. पिल्लं निघाली की दाणे खात नाहीत, त्यांना पहिले दिवस किडे लागतात. वाळवी, नाकतोडे, मुंग्यांची अंडी. त्यामुळं तितराला नुसतं धान्य असून भागत नाही, गवत लागतं आणि त्या गवतात किडा लागतो. आता जेसीबी येतो, बांध वीतभर ठेवतो, उरलेल्यावर तणनाशकाचा पंप फिरतो. शेजाऱ्याशी कोर्टकज्जा नको म्हणून सिमेंटचे खांब रोवले की बांधाचं कामच संपतं. तितरानं अंडी घालायची कुठं, खांबावर?

तिसरी गोष्ट पाणी. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या कृष्णेचं पाणी उपसून माळावर आणणाऱ्या योजना. यावर मला जपून बोललं पाहिजे, कारण आमच्या घरच्या बायकांची उमर टँकरच्या मागं पळण्यात गेली. कृष्णेचं पाणी चढून माळावर आलं त्या दिवशी आम्हीही गुलाल उधळला. मी पाण्याला शिव्या देणार नाही. पण हुलगा, मटकी, बाजरी, शाळू आणि मधे पडीक माळ, असा जो ठिगळाठिगळाचा शिवार होता त्यात तितर, लावा आणि पखुर्डी सुखी होते. तिथं आता डाळिंब, द्राक्षं आणि ऊस आहे. द्राक्षबागेत जमीन झाडून लोटून ठेवतात आणि फवारणी तर विचारूच नका. मोराचं मात्र जमलं. तो उसात लपतो, बागेत खातो, आणि शेतकरी माझ्याकडं तक्रार घेऊन येतात, जणू मी अजून नोकरीतच आहे!

तितर संपलेला नाही, हेही सांगतो. डोंगराच्या उतरणीला, ओघळीत, जिथं जेसीबी चढत नाही तिथं सकाळी अजून ओरडतो. सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरला जाऊन या. साडेदहा चौरस किलोमीटरच्या आसपासचं ते अभयारण्य. १९८५ ला घोषित झालं, धों. म. मोहिते यांच्या खटपटीतून माणसांनी उभं केलेलं. तिथं हरणं बघायला गर्दी होते. तुम्ही कुंपणाच्या कडेला गवतात थांबा, सकाळी लवकर.

प्रश्न : काका, महामार्गावरच्या एका ढाब्यावर ‘तितर हंडी’ मिळते. मित्र म्हणतात खरं तितर आहे. खाल्लं तर गुन्हा होतो का?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : नव्वद टक्के तुम्हाला जपानी लावा वाढतात. तो पिंजऱ्यात पाळतात, पाच-सहा आठवड्यांत कापायला येतो, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. ठिपक्याठिपक्यांची छोटी अंडी दुकानात मिळतात ती त्याचीच. ढाबेवाला ‘तितर’ लिहितो कारण त्या नावाला गिऱ्हाईक येतं. म्हणजे बहुधा तुम्ही कायदा मोडत नाही, फक्त फसता.

खरं तितर असेल तर मारणारा, विकणारा आणि विकत घेणारा तिघेही अडकतात. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओळखायचं असेल तर ताटात ओळखू येत नाही, भट्टीच्या मागं पिसं बघावी लागतील. शंका आली तर १९२६ या वनखात्याच्या नंबरवर फोन करा. फोन करणाऱ्यानं स्वतः आत जाऊन दमदाटी करू नये, एवढंच.

प्रश्न : आजोबांची बारा बोअरची दुनळी माळ्यावर आहे. आजोबा वारले, परवान्याची मुदतही संपली. शिकार तर करायची नाही, पण आठवण म्हणून ठेवता येईल का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : आजच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक बंदूक-विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. मग वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज. बाकीच्या वारसांची संमती लागते. मिळाला तर मिळाला. विनापरवाना घरात ठेवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, बंदूक कितीही गंजलेली असो. काडतुसं सापडली तर तीही द्या, पोरांच्या हाती लागू देऊ नका.

प्रश्न : आमच्या वस्तीजवळ पूर्वी पारधी पिंजऱ्यातला तितर घेऊन यायचे. तो ओरडला की रानातले तितर पळत यायचे. आता एका ओळखीच्या मुलानं तितराचं पिल्लू पाळलंय. त्यात काय वाईट? आणि पारध्यांमुळंच तितर संपले असं गावात म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, जत

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी. फासेपारध्याची विद्या मी जवळून पाहिली आहे आणि तिला मी हलकं म्हणणार नाही. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास, एका दोरीला ओळीनं बांधलेले. मधे पिंजरा, पिंजऱ्यात शिकवलेला नर. नर आपल्या हद्दीत दुसऱ्याचा आवाज ऐकून घेत नाही, तो भांडायलाच येतो आणि पाय अडकतो. यासाठी वारा, वेळ, नराचा स्वभाव सगळं ठाऊक असावं लागतं. पुढे घोड्याच्या केसाची जागा नायलॉननं घेतली.

पण पिढ्यान् पिढ्या फास लागत होते तरी तितर होते. मग आताच ते पारध्यांनी कसे संपवले? १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यात हीही होती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का अजून गावाच्या तोंडातून जात नाही. माळ नांगरणाऱ्याला बक्षीस आणि माळावर जगणाऱ्याला चोर म्हणायचं, हे मला नोकरीत असतानाही खटकायचं. फास लावला तर कारवाई व्हायला हवी, ती मीही केली आहे. पण त्या पोरांना दुसरं काम कोण देतं, हेही त्याच गावानं सांगावं.

पिल्लाचं : तितर पाळता येत नाही, कायद्यानं मनाई आहे. पोपटाचंही तसंच, जरी दर चौथ्या घरी टांगलेला दिसतो. त्या मुलाला ओरडू नका. वनरक्षकाला बोलवा, पिल्लू द्या.

प्रश्न : अमेरिकेत शिकाऱ्यांच्या पैशातून पाखरं वाचवतात असं वाचलं. आपल्याकडंही थोडी परवान्याची शिकार सुरू करून तो पैसा माळरानासाठी का वापरू नये?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही वाचलं ते खरं आहे. १९३७ पासून तिथं बंदुका आणि काडतुसांवर कर आहे, लांब नळीच्या बंदुकीवर अकरा टक्के, आणि तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठीच मिळतो. मात्र शिकारी घटले की परवान्याचा पैसाही आटतो. त्या चिंतेत ती राज्यं आज आहेत.

इथं नको, असं माझं स्पष्ट मत. तत्त्वाचं सोडा, भूगोल बघा. तिथं एकाच मालकाची जमीन नजर पोचेल तिथपर्यंत. आपल्याकडं दोन एकर, त्यात चार भाऊ. तासगावात एकानं छर्रा उडवला तर तो दुसऱ्याच्या द्राक्षात आणि तिसऱ्याच्या म्हशीत जाणार! शिवाय परवाना कुणाला मिळेल हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते ती दुसरी योजना, गवत न मोडणाऱ्या शेतकऱ्याला पैसे देण्याची. आपल्याकडं माळ म्हणजे ‘पडीक’, आणि पडीक दिसलं की तिथं खड्डे काढून झाडं लावायची, नाहीतर सौर पट्ट्या. आमच्या खात्यानंही गवताळ माळावर झाडं लावलीच. सरकार कधी पैसे देईल तेव्हा देईल. तोवर ज्यांचा डोंगराकडंचा एखादा बांध रुंद उरला आहे त्यांनी त्यावर तणनाशक मारू नये, फाल्गुनात पेटवून देऊ नये आणि गवत कापायचंच तर दिवाळीनंतर कापावं. तोवर शेवटची पिल्लंही उडायला लागलेली असतात.