नाताळचा खरा अर्थ: आधी कुणी जायचं?

केक, तारा, झाड, नवे कपडे बाजूला काढले तर ख्रिश्चनांसाठी नाताळात उरतं काय, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर एवढंच: ज्याची काही चूक नव्हती, तो देव येशूच्या रूपाने आधी आला.

बाकीचं सगळं मागाहून आलेलं. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये नाहीच. २५ डिसेंबरला हा सण पाळल्याची सर्वांत जुनी नोंद रोमची, इ.स. ३३६ ची. गव्हाणीचा देखावा असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात मांडला, तोही खऱ्या बैल-गाढवासह. झाड जर्मनीकडचं. माझं माहेर नंदगडच्या बाजूचं, कॅथलिक. तिथे गोठा मांडल्याशिवाय नाताळ नाही. बेळगावातलं सासर मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांपैकी. तिथे घरात गोठा नसतो, पण रात्री घरोघर जाऊन गाणी होतात. नाताळ दोन्हीकडे सारखाच.

आता मी हे एवढं ठासून का सांगतेय, तेही ऐका. माझ्या वडिलांचं आणि काकांचं वाटणीत बिनसलं. भांडण बांधाचं, जमीन जेमतेम दोन गुंठे. भातकापणी झाली की आमच्याकडे धनगर येतात, त्यांना रात्रीचं धान्य देऊन शेतात मेंढरं बसवायची, खत होतं. त्या डिसेंबरात बाबांनी मेंढरं बसवली आणि काकांनी भर रात्री ती उठवायला लावली. पिल्लं पाटीत घालून, कुडकुडत, ती माणसं दुसऱ्याच्या रानात गेली. देवदूताने येशूच्या जन्माची बातमी आधी कुणाला सांगितली? रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांनाच ना? आजीला ते फार लागलं.

नाताळच्या आदल्या दिवशी तिने नेवऱ्या, कलकल, दोदोल अशा नाताळच्या फराळाचं ताट भरलं, वर विणलेला रुमाल घातला आणि बाबांच्या हातात दिलं. बाबा म्हणाले, "चूक त्याची आहे, त्यानं यावं." आजी म्हणाली, "चूक कुणाची ते बघत बसला असता तर देव वरच राहिला असता की."

मध्यरात्रीच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, बाबा गेले. काकांनी आत बोलावलं नाही. "ठेव तिथं," म्हणाले, कट्ट्याकडे बोट करून. भरल्या ताटाच्या बदल्यात रिकामं ताट पाठवायची आमच्याकडे रीत नाही. ते रिकामं आलं. कोर्टातली केसही पुढे चालूच राहिली.

माझा दादा आजही म्हणतो की बाबांनी उगाच मान घालवला, आधी न्याय, मग सलोखा. मला हे अजिबात पटत नाही. बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की प्रीतीची सुरुवात देवाकडून झाली, आपल्याकडून नव्हे. त्याला तरी काय मिळालं? उतारशाळेत जागा नाही म्हणून गव्हाण, आणि शेवटी क्रूस. परतफेड मिळेल या हिशेबाने तो आलाच नव्हता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीवर अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. दादा दर वर्षी चर्चच्या देखाव्याला सढळ हाताने वर्गणी देतो, आणि चुलतभाऊ समोर आला की रस्ता बदलतो. ही वर्गणी मला नाताळ वाटत नाही.

हो, एक सांगायचं राहिलं. जिथे मारहाण आहे, छळ आहे, तिथे ताट घेऊन जा असं मी कुणालाच सांगणार नाही. आणि आधी जाणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. बाबांनी केस मागे घेतली नाही, आणि आजीनेही तसं कधी सुचवलं नाही.