सर्व्हर बंद होणार असा मेल आला, मेलचीच तारीख धरून चाला

पुण्यातल्या एका वाचकाने 2022 मध्ये सांगलीला आईच्या घरी 18,500 रुपयांचा वायफायवाला पंप कंट्रोलर बसवला. 14 नोव्हेंबर 2024 ला कंपनीचा मेल आला की 1 जानेवारीपासून सर्व्हर बंद, आणि तेव्हापासून अ‍ॅप उघडत नाही, मोटर आपोआप चालू होत नाही. काय करू, असं विचारलंय. कॅमेरा, गीझर, दाराचं लॉक, असेच मेल मला सतत येतात.

कंपनी चुकली का यावर वेळ घालवत नाही. गच्चीवरच्या टाकीतला सेन्सर आणि जिन्याखालचा स्टार्टर यांच्यात तीसेक फूट अंतर, त्यासाठी सिग्नल आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन मग परत येतो, याची गरजच नव्हती. आणि आता आई पहाटे पाचला नळाला पाणी आलं की टॉर्च घेऊन जिन्याखाली जाते आणि टाकी भरली की नाही हे वरून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून ओळखते, हे वाचून खरंच वाईट वाटलं.

पण सगळं अडलंय ग्राहक आयोगात तक्रार करायच्या मुदतीवर. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69, वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुम्ही कस्टमर केअरला 23 मेल केलेत आणि 'तिकीट प्रोसेसमध्ये आहे' या उत्तरांवर थांबून राहिलात. अहो, पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, हे किती वेळा सांगायचं! मुदत 14 नोव्हेंबरपासून मोजायची की 1 जानेवारीपासून, यावर वाद होऊ शकतो, म्हणून आधीची तारीख धरा आणि 13 नोव्हेंबर 2026 च्या आत तक्रार दाखल करा. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण 'कंपनी आश्वासन देत होती' या कारणावर विसंबू नका.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की पहिल्या पावसाळ्यापासूनच कनेक्शन तुटायचं. ते 2022 चं, त्याची मुदत गेली. लपवू नका, पण तक्रार त्यावर उभी केलीत तर कंपनीचा वकील तेच पकडेल. तुमची तक्रार सर्व्हर बंद केल्याची आहे, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा. अ‍ॅपमध्ये टिक केलेली 'सेवा कधीही बंद करू' ही अट अन्यायकारक करार म्हणून रद्द करून मागाल तर प्रकरण जिल्हा आयोगातून राज्य आयोगाकडे जाईल, त्या वाटेला माझ्या मते जाऊ नका.

बिल तुमच्या नावावर आहे आणि तुम्ही राहता पुण्यात, तर पुण्याच्याच जिल्हा आयोगात करा. 5 लाखांपर्यंत फी नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतं. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. बॉक्स फेकून दिलात हे मात्र फार वाईट केलंत, त्यावर इंटरनेट लागेल असं लिहिलं होतं की नाही हाच खरा पुरावा होता. विक्रेत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो असेल तर मागा, आणि मेलच्या प्रिंटबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा.

वॉरंटी संपली असं ते म्हणतील. यंत्र बिघडलेलं नाही, सेवा काढून घेतली, हे तुमचं उत्तर, पण आयोग किती मानेल हे आज ठामपणे सांगता येणार नाही. कंपनीच्या लेखी जबाबाला 45 दिवसांच्या पुढे वेळ नाही असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येच ठरवलंय, कायद्यात निकालाला तीन ते पाच महिने लिहिलेत, तरी तारखा पडतात आणि वर्षं जातात, याचा मला मनापासून राग येतो.

तोवर आईकडे साधा फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीवर मोटर चालू-बंद करणारा तरंगता स्विच, बसवून घ्या, इलेक्ट्रिशियनचं बिल ठेवा, ते नुकसानभरपाईत मागता येईल. जुना कंट्रोलर व्हिडिओ काढूनच काढा आणि भंगारात देऊ नका, आयोग तपासायला मागू शकतो.